कामाठीपुऱ्यातील कामाठी : मराठी साहित्यातील बहुभाषिक मोहल्ला आणि स्थलांतरित माणूस – एक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबई हे बाहेरून आलेल्या माणसांनी वसविलेले शहर आहे. १९२१ च्या जनगणनेत या शहरातील सुमारे ८४ टक्के लोकांचा जन्म शहराबाहेर झालेला होता. रत्नागिरी, सातारा, पुणे, सुरत, कच्छ, संयुक्त प्रांत, निजामाचे राज्य अशा निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या माणसांनी गोदी, गिरण्या, रेल्वे, बांधकाम आणि बाजार यांत काम मिळविले व कामाच्या जवळपास वस्ती केली. त्यामुळे एकेका मोहल्ल्यात अनेक भाषा, धर्म आणि जाती शेजारी शेजारी राहू लागल्या. या सहवासाचे पडसाद मराठी साहित्यात विशेषतः १९६० नंतर उमटले. नारायण सुर्वे, बाबुराव बागूल, भाऊ पाध्ये, जयवंत दळवी, मधु मंगेश कर्णिक, नामदेव ढसाळ यांच्या लेखनाने चाळ, नाका, झोपडपट्टी आणि वेश्यावस्ती हे परिसर मराठी वाचकासमोर आणले.

या लेखनाची चर्चा मराठी समीक्षेत प्रामुख्याने कामगार साहित्य, दलित साहित्य किंवा महानगरीय साहित्य या शीर्षकांखाली झाली आहे. त्यातील वास्तवाचा दाहकपणा, विद्रोह, श्लील-अश्लीलतेचा प्रश्न आणि प्रमाणभाषेची मोडतोड यांविषयी विपुल लिहिले गेले. मात्र या बहुभाषिक मोहल्ल्यातील कोणत्या माणसाला मराठी साहित्यात बोलण्याची संधी मिळाली आणि कोणता माणूस केवळ नावापुरता उरला, हा प्रश्न तुलनेने कमी विचारला गेला. प्रस्तुत लेखात कामाठीपुरा आणि त्याला लागून असलेला गोलपिठा या परिसराला मध्यवर्ती ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. मराठी साहित्याने या मोहल्ल्यातील परक्या शब्दांना उदारपणे प्रवेश दिला. परंतु त्या शब्दांसह आलेल्या माणसांपैकी काहींना तो दिला नाही, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

संकल्पनेची मर्यादा

‘बहुसांस्कृतिकता’ ही संज्ञा धोरण म्हणून प्रथम पाश्चात्त्य जगात रूढ झाली. कॅनडाने १९७१ साली तिला अधिकृत धोरणाचा दर्जा दिला. पुढे विल किमलिका, भिखू पारेख आदी अभ्यासकांनी तिची तात्त्विक मांडणी केली. पाश्चात्त्य देशांतील या चर्चेत सामान्यतः एक बहुसंख्य यजमान समाज आणि त्याच्याकडे नंतर आलेले अल्पसंख्य समाज अशी रचना गृहीत धरलेली असते. यजमानाने पाहुण्याला कितपत सामावून घ्यावे, हा तेथील मुख्य प्रश्न ठरतो.

मुंबईच्या मोहल्ल्याला ही रचना जशीच्या तशी लागू पडत नाही. येथील मराठी माणूसही बहुतांशी बाहेरूनच आलेला आहे. कोकणातून आलेला चाकरमानी, घाटावरून आलेला माथाडी आणि मराठवाड्यातून आलेला बिगारी हे तिघेही या शहरात स्थलांतरितच होत. शिवाय त्यांच्यातही परकेपणाच्या पायऱ्या होत्या. कोकणी माणसाने देशावरच्या माणसाला ‘घाटी’ म्हणावे, दोघांनी मिळून उत्तरेकडच्या माणसाला ‘भय्या’ म्हणावे आणि दक्षिणेकडून आलेल्या सर्वांची ‘मद्रासी’ या एका शब्दात बोळवण करावी, अशी ही उतरंड होती. म्हणून या मोहल्ल्याच्या संदर्भात यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे आधीच ठरवून टाकता येत नाही. ते कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरविले, हेच तपासावे लागते.

मोहल्ल्याची घडण

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीच्या खाडीला बांध घातला गेला आणि मुंबई बेटाच्या मध्यभागातील सखल, पाणथळ जमीन हळूहळू वस्तीयोग्य झाली. या भागात निजामाच्या राज्यातून आलेले तेलुगूभाषक मजूर स्थायिक झाले. रस्ते बांधणे, भराव घालणे, दगड-माती वाहणे, इमारती उभारणे ही त्यांची कामे होती. त्यांना ‘कामाठी’ म्हटले जाई आणि त्यांच्यावरूनच या वस्तीला ‘कामाठीपुरा’ हे नाव पडले. एकामागून एक अशा गल्ल्यांची ही वस्ती ब्रिटिश काळात वेश्याव्यवसायासाठी कुप्रसिद्ध झाली. युरोप आणि जपान येथून आलेल्या स्त्रियाही एकेकाळी या परिसरात होत्या. सफेद गल्ली हे नाव त्याचीच खूण आहे. शुक्लाजी स्ट्रीटच्या बाजूला चिनी लोकांची वस्ती होती. जवळच भायखळ्याला बगदादी यहुद्यांचे १८६१ साली बांधलेले मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. नागपाड्याकडे मुसलमान कारागीर व व्यापारी होते, तर ढोर, खाटीक, महार, मांग अशा जातींची मराठी कुटुंबे आसपासच्या चाळींतून राहत होती.

मुंबई उभारणाऱ्या कामाठी समाजातील काही जण पुढे कंत्राटदार झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली, तेव्हा मुंबईत त्या कार्याला बळ देणाऱ्यांमध्ये व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांसारखे तेलुगूभाषक होते. अय्यावारू यांनी सत्यशोधक समाजाला छापखान्यासाठी साहाय्य केले. मराठी भाषेतून चाललेल्या एका मोठ्या सामाजिक चळवळीच्या उभारणीत तेलुगू मातृभाषा असलेल्यांचा हात होता, ही बाब येथे महत्त्वाची आहे. कामाठी समाज मराठी सार्वजनिक जीवनाच्या बाहेर नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. त्यामुळे त्याची साहित्यातील अनुपस्थिती केवळ भाषेच्या अंतराने स्पष्ट करता येत नाही.

नोंदीची दृष्टी : ‘मुंबईचे वर्णन’

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले. या शहराचे मराठीतील हे पहिले विस्तृत वर्णन होय. माडगावकरांनी शहरातील जाती, धर्म, पोशाख, व्यवसाय, बाजार, देवळे, मशिदी, अग्याऱ्या यांची मोठ्या आस्थेने नोंद केली. त्यांच्या दृष्टीत कुतूहल आहे, तुच्छता नाही. शहराची समृद्धी इतक्या निरनिराळ्या लोकांच्या उद्योगातून निर्माण झाली आहे, याची त्यांना जाणीव आहे.

तथापि ही दृष्टी प्रामुख्याने मोजदाद करणाऱ्याची आहे. प्रत्येक समाज स्वतंत्र कप्प्यात, स्वतःच्या पागोट्यासह आणि धंद्यासह उभा केला जातो. एका समाजाचा माणूस दुसऱ्या समाजाच्या माणसाशी काय बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो, भांडतो कसा आणि उसनवारी कशी करतो, हे या वर्णनात क्वचितच येते. विविधतेची नोंद होते. परस्परसंबंधांची होत नाही. शहराचे वर्णनपर ग्रंथ लिहिण्याच्या तत्कालीन पद्धतीचा विचार करता हे स्वाभाविक होते. परंतु बहुसांस्कृतिकता म्हणजे समाजांची यादी, ही समजूत पुढेही दीर्घकाळ टिकून राहिली. मुंबईच्या ‘सर्वसमावेशक’ स्वरूपाचे गोडवे गाणारे बरेच लेखन आजही याच यादीच्या पद्धतीने चालते.

श्रमाचे नाते : नारायण सुर्वे

या यादीतील कप्पे मोडण्याचे काम नारायण सुर्वे यांच्या कवितेने केले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि ‘जाहीरनामा’ (१९७५) या संग्रहांतील मुंबई ही कामगारांची आहे. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावर सापडलेल्या ज्या मुलाला वाढविले, त्याच्याजवळ सांगण्यासारखे कूळ नव्हते. त्यामुळे रक्त, गाव आणि जात यांपेक्षा एकत्र काम केल्याने जुळणारे नाते सुर्व्यांना अधिक खरे वाटते. ‘मुंबई’ या कवितेत सह्याद्री उतरून आलेला बाप येतो. तो या शहराचा मालक म्हणून येत नाही. श्रम विकण्यासाठी तिच्या दाराशी उभा राहतो. मराठी माणसाच्या मुंबईवरील हक्काची इतकी वेगळी मांडणी दुसरी क्वचितच आढळेल. येथे हक्काचा आधार जन्म नसून श्रम आहे आणि तो आधार मान्य केला की इतर प्रांतांतून आलेल्या श्रमिकांचाही तितकाच हक्क मान्य करावा लागतो.

‘माझे विद्यापीठ’ या दीर्घ कवितेतील घोड्यांना नाल ठोकणारा याकूब दंग्यात मारला जातो आणि त्याच्याशी रक्ताचा कोणताही संबंध नसलेल्या कवीला अश्रू आवरत नाहीत. ‘शीगवाला’ या कवितेत दाऊद चाचा आपली दंगलीची आठवण स्वतःच्या मिश्र बोलीत सांगतो. त्याची बोली कवीने सुधारून घेतलेली नाही. मराठी क्रियापदे आणि हिंदुस्तानी शब्द एकमेकांत गुंतलेले आहेत आणि कवी या कवितेत प्रामुख्याने ऐकणारा आहे. ‘मनिऑर्डर’मध्ये पैसे घरी पाठविणारी वेश्या फॉर्म भरून घेण्यासाठी लिहिणाऱ्याजवळ येते. तिचे बोलणेही असेच सरमिसळीचे आहे. लिहिता येणारा आणि लिहिता न येणारी यांच्यातील हा प्रसंग स्थलांतरिताच्या आयुष्याचे सार सांगतो. ती राहते एका ठिकाणी, कमावते येथे आणि जगते दूरच्या कोणासाठी तरी.

सुर्व्यांच्या या कवितांचे सामर्थ्य मान्य करूनही त्यांची एक मर्यादा नोंदवावी लागते. त्यांच्या कवितेत येणारा परका माणूस बहुधा सज्जन असतो. तो दंगलीत माणुसकी राखतो, कष्ट करतो किंवा अन्यायाने मरतो. त्याला कवितेत प्रवेश मिळतो तो त्याच्या माणुसकीची परीक्षा झाल्यानंतर. सामान्य, चिडका, हिशेबी, शेजाऱ्याशी नळावर भांडणारा परका माणूस या कवितेत फारसा दिसत नाही. शेजाऱ्याला शेजारी म्हणून स्वीकारण्यासाठी तो हुतात्मा असण्याची अट नसावी, ही अपेक्षा सुर्व्यांची कविता पूर्णतः पुरी करीत नाही. वर्गीय ऐक्याच्या भूमिकेत ही अट अप्रत्यक्षपणे अनुस्यूत आहे.

जातीची सीमा : बाबुराव बागूल

वर्गीय ऐक्याला जो प्रश्न अडचणीत आणतो, तो बाबुराव बागूल यांनी त्याच काळात मांडला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेत मराठी निवेदक गुजरातेतील उधना येथे रेल्वेच्या नोकरीवर जातो. तेथे तो स्वतःच परका आहे. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार एकत्र काम करतात, त्याच्या कवित्वाचे कौतुक करतात, त्याला घरी नेतात. भाषेचा अडसर लवकरच दूर होतो. परंतु त्याची जात उघड होताच हेच सहकारी त्याच्यावर तुटून पडतात.

मुंबईबाहेर घडणारी ही कथा मुंबईच्या मोहल्ल्याचे आकलन होण्यासाठी उपयुक्त आहे. भाषा आणि प्रांत यांची अंतरे सहवासाने कमी होतात. जातीचे अंतर सहवासाने आपोआप कमी होत नाही, उलट सहवास वाढला की जात शोधली जाते, हे बागूल दाखवितात. ‘आम्ही सारे येथे गुण्यागोविंदाने राहतो’ या बहुसांस्कृतिकतेच्या दाव्याची खरी कसोटी येथे लागते. स्थलांतरित माणूस गावाहून वळकटी घेऊन येतो, तशी जातही बरोबर आणतो, आणि त्याची ती नसेल तेथे दुसरे त्याला ती देतात. मोहल्ल्यातील सहजीवनाचे चित्रण करणाऱ्या कोणत्याही साहित्याने या कसोटीला सामोरे गेले पाहिजे.

भाषेचा मोहल्ला : नामदेव ढसाळ

नामदेव ढसाळ पुणे जिल्ह्यातील पूर-कनेरसर येथून लहानपणी मुंबईत आले आणि गोलपिठ्याजवळच्या ढोर चाळीत वाढले. ‘गोलपिठा’ हा त्यांचा पहिला संग्रह १९७२ साली, दलित पँथरच्या स्थापनेच्या वर्षीच प्रसिद्ध झाला. विजय तेंडुलकर यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पांढरपेशा जगाची सीमा जेथे संपते, तेथून या कवितेचे जग सुरू होते, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली. त्यासाठी तेंडुलकरांनी ढसाळांसमवेत तो परिसर पाहिला आणि अनेक शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घेतले. त्याच शहरात राहणाऱ्या, मराठी भाषेवर असाधारण प्रभुत्व असलेल्या नाटककाराला एका मराठी कवितेतील शब्दांचे अर्थ विचारावे लागले, ही घटना सांस्कृतिक दृष्ट्या लक्षणीय आहे. बहुसांस्कृतिकता ही दोन भाषांच्या दरम्यानच असते असे नाही. एकाच भाषेच्या आतही ती असते, हे तिच्यातून स्पष्ट होते.

‘गोलपिठा’तील भाषा अनेक ठिकाणांहून आली आहे. खाटकाचे दुकान, जुगाराचा अड्डा, कोठा, तमाशा, भजन, संस्कृतप्रचुर ग्रंथभाषा, उर्दूचे बाजारी रूप आणि गुन्हेगारी जगाची सांकेतिक बोली हे सारे एकाच ओळीत येऊ शकते. अरुण कोलटकरांनी मुंबईच्या हिंदीत कविता लिहून ती मराठी कवितेच्या शेजारी ठेवली, भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’त (१९६५) नाक्यावरच्या पोरांची बोली निवेदनाची भाषा केली; ढसाळांनी त्याहून पुढे जाऊन मिश्रण हेच कवितेचे व्याकरण बनविले. यामुळे मराठी भाषेचा शुद्धपणाचा दावा आतून कोसळला. १९६६ साली शिवसेनेची स्थापना होऊन दक्षिण भारतीयांविरुद्धचा प्रचार शहरात जोर धरीत असताना, भाषेच्या नावाने आखली जाणारी सीमा मराठीतील सर्वांत महत्त्वाची कविता पुसून टाकीत होती. साहित्य आणि राजकारण यांची ही परस्परविरुद्ध दिशा मराठी समीक्षेने अधिक ठळकपणे मांडायला हवी होती.

मात्र येथेच एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. ढसाळांच्या कवितेत मोहल्ल्यातील समाज वेगवेगळे ओळखू येत नाहीत. ‘मंदाकिनी पाटील’सारख्या कवितेत एका स्त्रीला नाव मिळते आणि तिच्या वेदनेला थेट संबोधनही मिळते, परंतु एकूण कवितेत माणसे भूक, वासना, रोग आणि मृत्यू यांच्या एकाच लोंढ्यात मिसळून जातात. ‘कामाठीपुरा’ या कवितेत तर मोहल्ल्यालाच जिवंत प्राण्यासारखे संबोधिले आहे. वस्ती हे एक आदिम, भयंकर आणि तरीही मायेचे अस्तित्व बनते. मात्र ज्यांच्यावरून वस्तीला नाव पडले, तो तेलुगू बोलणारा कामाठी, त्याचे घर, त्याचा देव, त्याच्या घरातली भाषा या कवितेत येत नाही.

यावर एक आक्षेप घेता येईल. जाती-जमातींचे कप्पे मोडणे हाच ढसाळांच्या कवितेचा हेतू असताना तिच्याकडून समाजांच्या स्वतंत्र ओळखीची अपेक्षा करणे म्हणजे तिला पुन्हा माडगावकरांच्या यादीकडे ढकलणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. ज्याला जातीची ओळख जन्मभर डागासारखी वागवावी लागली, त्या कवीने ओळखीच पुसून टाकणे ही एक नैतिक भूमिका आहे आणि तिचा आदर राखला पाहिजे. परंतु जातीची ओळख पुसणे आणि माणसाची भाषा, स्मृती व स्थलांतराची कहाणी पुसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे माणूस मुक्त होऊ शकतो. दुसरीमुळे तो केवळ गर्दीचा भाग होतो. ढसाळांच्या कवितेत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. तिचे मोठेपण आणि तिची उणीव एकाच ठिकाणाहून उगम पावतात.

शब्द आला, माणूस राहिला

जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) या कादंबऱ्यांनी झोपडपट्टीतील अठरापगड माणसे मराठीत आणली. तरीही निवेदनाचा केंद्रबिंदू मराठी कुटुंबाभोवतीच राहिला. उर्दूत सआदत हसन मंटो यांनी याच परिसरातील फारस रोड, सफेद गल्ली, अरब गल्ली यांची नावे घेऊन ‘मम्मद भाई’सारखी कथा लिहिली, तीतही परिसराचा बहुविधपणा उर्दू-हिंदुस्तानी जगाच्या खिडकीतून दिसतो. याचा अर्थ असा की, एकाच मोहल्ल्याचे निरनिराळे तुकडे निरनिराळ्या भाषांच्या साहित्यात विखुरले गेले. ढसाळ आणि मंटो यांचे जग काही शे पावलांच्या अंतरावर असले, तरी एका साहित्याचा वाचक दुसऱ्या साहित्यातील मोहल्ला क्वचितच वाचतो.

या विखुरण्यात कामाठी माणसाची स्थिती सर्वांत विलक्षण आहे. ‘कामाठी’ हा शब्द मराठीने पूर्णपणे आत्मसात केला. तो जातिवाचक होता, तसाच मजूरवाचकही झाला. महाराष्ट्र शासनाच्या आश्रमशाळांच्या पदसूचीत स्वयंपाक्याच्या जोडीला ‘कामाठी’ हे पद असते. त्या पदावर काम करणाऱ्याचा तेलंगणाशी काही संबंध असतोच असे नाही. मोहल्ल्याचे नाव, पदाचे नाव, कामाचे नाव अशा तीन रूपांनी हा शब्द टिकून आहे. पण साठोत्तरी साहित्याच्या येथे विचारात घेतलेल्या महत्त्वाच्या कृतींत बोलणारे, स्मरण ठेवणारे, विरोध करणारे पात्र म्हणून कामाठी आढळत नाही. ज्या समाजाने शहराचे रस्ते बांधले आणि सत्यशोधक चळवळीला हातभार लावला, त्या समाजाला मराठी साहित्याने एक सामान्यनाम करून ठेवले, असे म्हणावे लागते.

साहित्य म्हणजे जनगणना नव्हे, प्रत्येक समाजाला त्यात प्रतिनिधित्व मिळालेच पाहिजे असा नियम करता येणार नाही, हे खरेच आहे. परंतु ही अनुपस्थिती अपघाती मानली, तर ‘आपला’ आणि ‘परका’ यांची विभागणी साहित्यात किती खोलवर रुजली आहे, हे लक्षात येणार नाही. या विभागणीचे स्वरूप मराठवाड्याच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते.

मराठवाड्याच्या बाजूने पाहताना

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावातील वाचकाला कामाठीपुरा हा दूरच्या महानगरातील, आपल्याशी संबंध नसलेला परिसर वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात हा संबंध निकटचा आहे. तेलंगणा आणि मराठवाडा हे दोन्ही प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या एकाच राज्याचे भाग होते. कामाठी मजूर ज्या राज्यातून मुंबईला गेला, त्याच राज्यात आजच्या जालना जिल्ह्याची गावे होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून निर्माण झाला.

या पुनर्रचनेचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत येऊन रस्ते बांधणारा कामाठी १९५६ नंतर ‘परप्रांतीय’ ठरला आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुंबईत गेलेला मजूर ‘भूमिपुत्र’ ठरला. दोघेही एकाच राज्याच्या रयतेचे वंशज. दोघांच्या स्थलांतरामागील कारणे पोटाचीच. कामाचे स्वरूपही माती, दगड आणि विटा यांचेच. आधी आलेला परका आणि नंतर आलेला आपला, हा निवाडा शहरातील वास्तव्याच्या काळावरून झाला नाही. तो प्रशासनाने नकाशावर आखलेल्या एका रेषेवरून झाला. पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेला हसू येईल अशी बोली बोलणाऱ्या मराठवाड्यातील मजुराला हे ‘आपलेपण’ व्यवहारात कितपत उपयोगी पडले, हा स्वतंत्र प्रश्न आहे. अशा वाचकाला कामाठीच्या अनुपस्थितीत स्वतःच्याही इतिहासाचा एक भाग दिसू शकतो.

म्हणूनच मराठवाड्यातील महाविद्यालयांत ‘गोलपिठा’ शिकविताना तो केवळ मुंबईच्या अधोविश्वाचे चित्र म्हणून शिकविणे अपुरे ठरते. ज्या विद्यार्थ्यांच्या घरातील कोणी ना कोणी ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी अथवा शहरातील बांधकामासाठी बाहेर पडतो, त्यांना परका माणूस हा विषय पुस्तकाबाहेर शोधावा लागत नाही. आपल्या गावाबाहेर ते स्वतःच परके असतात आणि आपल्या गावी दुसऱ्या राज्यातून आलेल्या मजुराला ते परके म्हणतात. हा दुहेरी अनुभव सुर्वे, बागूल आणि ढसाळ यांच्या लेखनाचे वाचन अधिक अर्थपूर्ण करू शकतो.

सद्यःस्थिती

१८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपानंतर मध्य मुंबईची रचना झपाट्याने बदलली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाने श्रमाच्या आधारावर उभे असलेले मोहल्ल्याचे नाते कसे तुटले, हे समर्थपणे दाखविले. सुर्व्यांनी ज्या हक्काचा आधार श्रम मानला, तो श्रमच शहरातून हद्दपार झाल्यावर हक्क कशावर सांगायचा, हा पवारांच्या लेखनातील मूळ प्रश्न आहे. काम गेल्यानंतर माणसापाशी जात, धर्म आणि भाषा एवढ्याच ओळखी उरतात व त्यांचे राजकारण करणे सोपे जाते.

कामाठीपुऱ्याच्या जुन्या इमारतींच्या समूह पुनर्विकासाची योजना अलीकडच्या वर्षांत म्हाडामार्फत पुढे आली आहे. मोडकळीस आलेल्या खोल्यांतील रहिवाशांना सुरक्षित घर मिळणे आवश्यकच आहे. जुन्या मोहल्ल्याच्या स्मरणरंजनासाठी कोणी धोकादायक इमारतीत राहावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु गल्ल्या गेल्यावर त्यांतील भाषांची आणि माणसांची नोंद मुख्यतः साहित्यातच शिल्लक राहील. त्या वेळी मराठी साहित्यात कोण सापडते आणि कोण सापडत नाही, याला इतिहासाच्या पुराव्याचे मोल येईल. त्यामुळे प्रस्तुत चर्चा केवळ साहित्यांतर्गत राहत नाही.

निष्कर्ष

१. पाश्चात्त्य बहुसांस्कृतिकतेच्या चर्चेत गृहीत धरलेली ‘यजमान–पाहुणा’ ही रचना मुंबईच्या मोहल्ल्याला लागू पडत नाही. येथील मराठी समाजही मुख्यतः स्थलांतरित आहे.

२. माडगावकरांच्या वर्णनात समाजांची यादी आहे, सुर्व्यांच्या कवितेत श्रमावर आधारलेले नाते आहे आणि ढसाळांच्या कवितेत भाषेचे संपूर्ण मिश्रण आहे. हा क्रम मराठी साहित्याच्या विस्ताराचा निदर्शक आहे.

३. बागूलांच्या कथेने दाखविल्याप्रमाणे प्रांत आणि भाषा यांची सरमिसळ जातिभेद नाहीसा करीत नाही. मोहल्ल्यातील सहजीवनाचे मूल्यमापन जातीचा प्रश्न वगळून करता येत नाही.

४. मराठी साहित्याने परक्या भाषांतील शब्दांना मुक्त प्रवेश दिला. परंतु परका माणूस आदर्श रूपात किंवा गर्दीच्या रूपातच अधिक आला. कामाठीपुऱ्याला नाव देणारा कामाठी हे या अपुरेपणाचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

५. परकेपण हे शहरात कोण आधी आले यावरून ठरलेले नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने एकाच राज्याच्या रयतेतून ‘परप्रांतीय’ आणि ‘भूमिपुत्र’ असे दोन वर्ग निर्माण केले. मराठवाड्यातील वाचकाने आणि अभ्यासकाने या विषयाकडे या दिशेने पाहण्याची गरज आहे.

६. मुंबईतील तेलुगू, उर्दू आणि मराठी लेखन एकत्र वाचण्याचा उपक्रम महाविद्यालयीन पातळीवर हाती घेता येईल. तेलुगूभाषक कुटुंबांच्या आठवणी मराठीत नोंदविणे हे त्यातील पहिले काम ठरावे. हे काम मोहल्ल्याचे रूप पूर्णपणे पालटण्यापूर्वी व्हायला हवे.